झाकण नसलेलं चित्र

माझी छापून आलेली पहिली ओळ ‘झाकण काढून यंत्र चालवू नये’ ही आहे. पुढे चाळीसेक वर्षं मी अशाच ओळी लिहून आणि अशाच यंत्रांची चित्रं काढून पोट भरलं. पंपाचा वॉशर कसा बदलावा, इंजिनात तेल कुठपर्यंत भरावं, फवारणीच्या पंपाचं तोंड तुंबलं तर काय करावं. पुस्तकांच्या दुकानात माझं नाव कधी दिसलं नाही, कारण असली पुस्तकं दुकानात मिळतच नाहीत. ती यंत्राबरोबर खोक्यात येतात, आणि खोकं फुटलं की लोक ती चुलीत घालतात नाहीतर फडताळात डब्यांखाली अंथरतात. आता तर तेही गेलं. खोक्यात ठिपक्यांचा एक चौकोन येतो, तो फोनला दाखवायचा. याचं मला फारसं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते त्या पहिल्या ओळीचं आणि तिच्या वर छापलेल्या चित्राचं. ज्यांच्यापासून ते लपवायचं होतं त्यांतलं आता कोणी राहिलं नाही, तेव्हा सांगून टाकते.

आम्ही बुलढाण्याजवळच्या चिखलीत राहायचो, बाजाराच्या मागच्या गल्लीत. रस्त्याच्या बाजूला पत्र्याची शेड, ते बाबांचं वर्कशॉप. तिच्या मागे दोन खोल्या आणि अंगण. घराण्याचा धंदा भाजीपाल्याचा. काका सगळे वांगी, मिरच्या, मेथी करणारे. बाबांचं मन मात्र वाफ्यात कधी रमलं नाही. ते खामगावला कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला लागले, तिथेच मिस्त्री झाले, आणि मी शाळेत जायच्या सुमारास परतले ते एक जुना लेथ बैलगाडीत घालून. सकाळी आत आईची भाकरी थापणं आणि बाहेर ऐरणीवरचा हातोडा एकदमच सुरू होई. दोघांची लय कधी जुळली नाही. ‘ह्या मानसाच्या ठोक्यानं माह्यी भाकर फाटते,’ असं आई रोज म्हणायची. शेडमधली काळी भुकटी घरात कुठेही सापडे, मिठाच्या बरणीत, उशीच्या अभ्र्यात, माझ्या वेणीत. बाबा कमी बोलायचे. जेवताना ते ताटातल्या भाकरीकडे असं बघायचे की वाटावं, हिला कुठे तेल घालायला हवं याचाच विचार चालला आहे.

बाजाराच्या दिवशी मात्र घर बदलायचं, कारण त्या दिवशी गयामामी यायची. किसनमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. त्यांचं गाव मेहकरच्या रस्त्यावर, गाडीनं दोन-अडीच तासांचं. मामा-मामी पहाटेच माल घेऊन निघत, दुपारपर्यंत बाजारात बसत, आणि माल खपला की मामी आमच्या अंगणात येऊन हातपाय धुई आणि थेट चुलीचा ताबा घेई. आईचं आणि तिचं नणंद-भावजयीचं जे चालायचं ते चालायचंच, पण पातोड्या मामीनं कराव्यात यावर दोघींचं एकमत होतं. बेसन घोटून ती ताटात थापायची, बोटांनी, पाण्याचा हात लावत, आणि मग सुरीनं अशा वड्या पाडायची की एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. रस्सा झणझणीत, वर तेलाचा लाल तवंग. ‘तुमच्या घरच्या वरनालेबी ग्रीसचा वास येते,’ असं ती बाबांसमोर म्हणायची आणि बाबा चक्क हसायचे. आमच्या घरात एवढी हिंमत दुसऱ्या कोणाचीच नव्हती.

मामासारखंच मामीलाही अक्षर येत नव्हतं. पण चित्र बघायचा नाद भारी. कॅलेंडर, बियाण्याच्या पाकिटावरचं वांगं, औषधाच्या बाटलीवरची बाई, काहीही. माझी चित्रकलेची वही तर ती हात पदराला पुसून मांडीवर घ्यायची आणि एकेका पानावर इतका वेळ थांबायची की मलाच कंटाळा येई. एकदा मी मामाचा बैल काढून दाखवला. कडेनं उभा, पुढचा एक पाय दुसऱ्याच्या मागे झाकलेला. सरांनी त्याला शाबासकी दिली होती. मामी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “याचा चौथा पाय कुठी हाये वं?”

“मागं हाये मामी. दिसत नाही.”

“दिसत नाही त मले कसं समजावं? मी त म्हनीन का बैल लंगडा हाये.”

मी खो खो हसले. शाळेत जाऊन मैत्रिणींना सांगितलं, त्याही हसल्या. मामीचं ते बोलणं त्या दिवशी नीट ऐकून घेतलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण सोळा वर्षांच्या मुलीला शाबासकी मिळालेली असली की कान बंदच असतात.

शाळेत तेव्हा नवा नकाशा आला होता. आमचा भाग आधी नागपूरकडच्या राज्यात, मग मुंबईच्या, आणि आता महाराष्ट्रात, तेव्हा भिंतीवरचे जुने नकाशे गुंडाळून कपाटामागे उभे केलेले. त्यांतलाच एक ड्रॉइंगच्या सरांनी मला दिला. मागून कापड लावलेला, जाड, न फाटणारा. ‘पाठीमागची बाजू कोरी आहे, वापर,’ म्हणाले. वर्गात ड्रॉइंगला आम्ही दोनच मुली, आणि ग्रेडच्या परीक्षेत मला वरचा नंबर मिळालेला. त्यामुळे सरांचं माझ्यावर लक्ष होतं. वस्तूची जी बाजू डोळ्यांना दिसत नाही ती तुटक रेघेनं दाखवायची, हे त्यांनीच शिकवलं. त्या नकाशाच्या पाठीवर मी माझं पहिलं यंत्र काढलं.

ते यंत्र होतं कडबा कापायचं. बाहेरून रेल्वेनं येणारी यंत्रं बघून बाबांनी स्वतःच्या डोक्यानं बांधलेलं. एक मोठं चाक, चाकाला दोन वाकडी पाती. एकानं चाक फिरवायचं, दुसऱ्यानं लाकडी पन्हळीतून ज्वारीच्या कडब्याची पेंडी पुढे सारायची. पन्हळीच्या तोंडाशी दोन दातेरी रूळ. ते कडबा चावत आत ओढतात आणि पात्यांपुढे देतात. बाहेरच्या यंत्रांना हे रूळ उघडे असत. जिनिंगमध्ये असताना बाबांनी एका माणसाचा हात उघड्या रुळात जाताना पाहिला होता. ते त्यावर कधी बोलत नसत, पण आपल्या यंत्राच्या रुळांवर त्यांनी तेलाच्या डब्याचा पत्रा वाकवून एक झाकण बसवलं. दोन लोखंडी आकडे काढले की निघायचं, म्हणजे अडकलेला कडबा साफ करता यावा. बाकी यंत्र दुसऱ्या कोणीही बनवलं असतं. झाकण बाबांचं.

पहिली काही यंत्रं आसपासच्या गावांत गेली आणि बाबांची धावपळ सुरू झाली. कोणी पाती उलटी बसवली, कोणी चाक दांड्याला पक्कं धरणारी चावी ठोकून वाकवली. लोणारकडच्या एका शेतकऱ्यानं रूळच अदलाबदल करून लावले, तेव्हा बाबांना एसटीनं तिकडे जाऊन दिवस घालवावा लागला. परत आल्यावर टोपी खुंटीला लावत ते मला म्हणाले, “वच्छे, एक कागद कर. वर चित्र काढ, खाली लिहून दे. कसं जोडाचं, कसं चालवाचं. मले दर खेपेले जानं होत नाही.”

आयुष्यात मला पुढे बऱ्याच कामांच्या ऑर्डरी मिळाल्या, पण त्या एका वाक्यानं जसा ऊर भरून आला तसा नंतर कधी आला नाही. मी आठ-दहा दिवस शेडमध्ये स्टुलावर बसून ते यंत्र काढलं. सगळे भाग मोजले. बाबा काम थांबवून मधूनच मागे उभे राहत आणि परत जात. अडचण एकच होती, झाकण. ते लावून काढलं की यंत्राच्या ऐन तोंडाशी नुसती पत्र्याची पेटी दिसे. रूळ नाहीत, दात नाहीत. ज्याच्यासाठी एवढी मेहनत केली तेच दिसेना. सरांचा नियम उलटा लावून मी रूळ पूर्ण रेखाटले आणि झाकणच तुटक रेघेनं दाखवलं. छापखान्याचे मालक म्हणाले, छपाईसाठी चित्राचा जस्ताचा ठसा अकोल्याहून करून आणावा लागेल आणि एवढ्या बारीक तुटक रेघा त्यात शाईनं भरून जातील, डाग पडल्यासारखं दिसेल. मला त्या रेघा तशाही आवडल्या नव्हत्या. सुंदर काढलेल्या दातांवर कोणी कोळ्याचं जाळं पसरावं तशा वाटत होत्या. मी रबर घेतलं आणि झाकण पुसून टाकलं.

बाबांनी विचारलं होतं, हे मुद्दाम लिहिते. चित्र हातात धरून ते म्हणाले, “झाकन कुठी गेलं?”

“खाली लिहिलं हाये बाबा. पयलंच कलम.” आणि मी वाचून दाखवलं.

“मंग झालं,” बाबा म्हणाले. त्यांना वाचताना अक्षरं जुळवावी लागत. लिहिलेल्या गोष्टीवर अशा माणसांचा फार विश्वास असतो.

पत्रकं गुलाबी कागदावर छापून आली. शाईचा वास यावा म्हणून मी एक उशाशी ठेवलं. सात कलमं, वर अर्धं पान चित्र, आणि चित्र खरंच देखणं झालं होतं. त्याच महिन्यात किसनमामाकडे यंत्र गेलं. दात गाडीत आपटू नयेत म्हणून बाबांनी झाकणावर पोतं गुंडाळून सुतळीनं बांधलं. मामीला मी पत्रक दिलं तेव्हा तिनं ते दोन्ही हातांत धरून डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं. “हे तू काढलं? सगळं?” असं तिनं दोनदा विचारलं. नंतर कळलं की तिनं ते खळ लावून गोठ्याच्या भिंतीवर चिकटवलं होतं, यंत्राच्या बरोबर समोर.

दिवाळीच्या सुटीत मी मामाकडे गेले. मामी मला हाताला धरून आधी गोठ्यात घेऊन गेली, आणि भिंतीवरचं माझं चित्र बघून मी फुशारले. बाजूच्या खाटेवर लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या, आणि बियांच्या मिरच्या वेगळ्या काढून ठेवल्या होत्या त्या बाबांच्या झाकणात. उलटं ठेवलेलं, दोन आकडे वर आलेले. मी ते पाहिलं. ओळखलंही. आणि काही बोलले नाही, कारण मामी शेजारच्या बायकांना बोलावून सांगत होती, ‘हे आमच्या वच्छीनं काढलं’, आणि मला तेच ऐकायचं होतं. त्या सुटीत मी तीन-चार दिवस राहिले. फुणके-कढी खाल्ली, वांग्याचं भरीत खाल्लं, रोज गोठ्यात यंत्राची कचकच ऐकली. मामा चाक फिरवी, मामी पेंडी पुढे सारायची.

त्यानंतर बाजाराच्या एका दिवशी मामाची गाडी आमच्या दारात आली ती भाजीशिवाय. दिवस चांगला वर आला होता. मामी गाडीत आडवी होती, तिच्या उजव्या हाताला पट्टीवरून मामाचं धोतर गुंडाळलेलं आणि ते सगळं लाल झालेलं. त्यांच्या गावातल्या डॉक्टरांनी पट्टी बांधून बुलढाण्याला न्यायला सांगितलं होतं. मामी ओरडत नव्हती. मामाच ओरडत होता. “मी चाक फिरवून राह्यलो होतो. मीच फिरवून राह्यलो होतो,” हे एकच वाक्य तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. बाबा शेडमधून धावत आले आणि त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, “झाकन?”

मामा थांबला. त्यानं बायकोकडे पाहिलं, मग बाबांकडे. “झाकन तिनं काढून ठेवलं होतं. पयल्याच दिवशी.”

“काढून? आन् लिहिलं हाये ना कागदावर! सारं लिहिलं हाये!” बाबांचा आवाज मी तेवढा चढलेला कधी ऐकला नव्हता.

“वयनीले घाईच लय,” आई रडता रडता म्हणाली. आणि तिथे, गाडीजवळ, एका मिनिटात ठरून गेलं की चूक कोणाची. मामानं ते घट्ट धरलं. त्याला धरायला काहीतरी हवंच होतं, नाहीतर बायकोची चार बोटं आपण फिरवलेल्या चाकानं गेली हे घेऊन तो जगला कसा असता? हे मला आज कळतं. तेव्हा मी दाराच्या चौकटीला टेकून नुसती उभी होते.

चार-पाच दिवसांनी आई आणि मी एसटीनं बुलढाण्याच्या दवाखान्यात डबा घेऊन गेलो. मामी खाटेवर बसली होती, हात छातीशी धरून. अंगठा तेवढा पट्टीबाहेर होता. आईनं तिला वरण-पोळी भरवली, भरवता भरवता थोडं बोलली, ‘असं कसं केलं वयनी’, आणि पाणी आणायला बाहेर गेली. मामीनं ती दाराबाहेर जाईपर्यंत वाट पाहिली. मग मला जवळ बोलावलं.

“वच्छे, खरं सांगजो. तुह्या चित्रात झाकन नव्हतं ना वं?”

ती मला दोष देत नव्हती. तिला खरोखर विचारायचं होतं. “मी रोज पाहो ते,” ती म्हणाली, “एकूनएक भाग चित्रावानी आहे का नाही ते. झाकन चित्रात दिसलं नाही, म्हनून मी म्हनलं, पोतं बांधलं होतं तसंच हेबी गाडीपुरतं असंल. काढून ठेवलं. आता सारे म्हनतेत का मी येडी. मले सांग, होतं का तेच्यात?”

“नव्हतं मामी.”

“नव्हतं ना?” तिनं डोळे मिटले. “मंग बरं. मले वाटलं, माह्येच डोये फुटले.”

मी तिच्या खाटेवर डोकं ठेवून रडले. लंगडा बैल, तो झाकलेला पाय, सगळं एकदम आठवलं. तिनं मला सांगितलं होतं. मी हसले होते. डाव्या हातानं ती माझ्या वेणीवरून हात फिरवत राहिली आणि मला त्या हाताचा स्पर्श सहन होईना.

घरी आल्यावर मी बाबांना शेडमध्ये गाठलं आणि सगळं सांगितलं. ते भात्याजवळ बसले. पत्रक मागितलं, मांडीवर पसरलं, आणि पहिल्यांदाच मामी बघायची तसं, खालची अक्षरं सोडून नुसतं चित्र बघितलं. मग म्हणाले, “कोनापाशी बोलू नको.” एवढंच. दुसऱ्या दिवसापासून मात्र त्यांनी हातातलं काम बंद ठेवलं. पिशवीत हातोडी आणि रिवेटी घेऊन, जिथे जिथे पत्रकासह यंत्र गेलं होतं त्या प्रत्येक गावी ते एसटीनं आणि पायी गेले आणि झाकण ठोकून पक्कं करून आले. परत आल्यावर विहिरीपाशी पाय धुताना माझ्याकडे न बघता म्हणाले, “तीन घरी काढूनच ठेवलं होतं.” उरलेली पत्रकं त्यांनी भट्टीत घातली. ठसा वितळवला. त्यांच्या हातून जेवढं दुरुस्त होण्यासारखं होतं तेवढं त्यांनी केलं, फक्त मेहुण्यासमोर उभं राहून दोन वाक्यं बोलणं त्यांना जमलं नाही. मी त्यांना दोष देऊ शकत नाही, कारण मलाही ते जमलं नाही.

तसा मी एकदा प्रयत्न केला. मामी घरी आल्यावर मी तिच्याकडे गेले. ती चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. पूर्वी तिच्या थापण्याचा आवाज अंगणाच्या पलीकडून ओळखू येई, टपटपटप, भराभर. आता डाव्या हाताची एक थाप, मग उजव्या तळव्याचा बोथट दाब, मग थांबणं. भाकरी कडेला जाड होत होती, चिरत होती, आणि मामी ती चीर अंगठ्यानं बुजवत होती. मी म्हणाले, “मामी, आज मी मामाले सांगते. सगळं.”

“कायले?”

“तुले येडी म्हनतेत म्हनून.”

तिनं तव्यावर भाकरी टाकली. “तू सांगशील. थो उठून तुह्या बापाच्या दारात जाईन. मंग तुह्यी माय कोनाकडून बोलंन, भावाकडून का नवऱ्याकडून? तिचं माहेर तुटंन. माह्यी बोटं येतीन का त्यानं?” भाकरी उलटायला तिला सांडशी लागली. “म्हनू दे येडी. म्या आयकून घेतलं आता. मी जित्ती हाये तवर तू नको बोलू.” थोड्या वेळानं तिनं विचारलं, “दुसरं चित्र काढलं का?”

मी काढलं होतं, पिशवीत होतं, दाखवायची हिंमत नव्हती. तिनं ते मागून घेतलं, जमिनीवर पसरलं आणि डाव्या हाताचं बोट त्यावरून फिरवायला लागली. हे चाक. ही पन्हळ. हे झाकण, आता ते ठळक काळ्या रेघेनं काढलेलं, आणि रूळ कुठेच दाखवलेले नाहीत. चित्र पेटीसारखं दिसत होतं, अजिबात देखणं नव्हतं. पेंडी धरलेला हातही काढला होता, झाकणापासून वीतभर दूर. मामीनं त्या हातावर बोट ठेवलं, आपला तुटका हात शेजारी ठेवून पाहिला आणि म्हणाली, “हाव. हे समजते.”

मामीचं ‘समजते’ पुढे आयुष्यभर पुरलं. यंत्रांचे आराखडे गिरवण्याचा, ट्रेसरचा, कोर्स करून मी पुण्याला गेले, एका पंपाच्या कारखान्यात चित्रं काढायला लागले, मग लिहायलाही. माझी भाषा ऐकून तिथल्या मुली तोंडाला रुमाल लावत. त्यांना आणखी हसू येई ते माझ्या एका सवयीचं. काढलेलं चित्र मी साहेबांच्या आधी झाडलोट करणाऱ्या बाईला दाखवी, शब्द झाकून, आणि विचारी, ‘सांग, तू काय करशील?’ ती चुकली की मी चित्र बदलत असे. साहेब म्हणत, बाई, आपण काय झाडूवाल्यांसाठी पंप बनवतो का? मी उत्तर देत नसे. उत्तर द्यायचं तर मामीचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि मी शब्द दिला होता.

तो शब्द मी पाळला, आणि त्याचं मोल मामीनं मोजलं. मामानं पुन्हा चाकाला हात लावला नाही, ते यंत्र गोठ्यात गंजत पडलं. पण घरी पाहुणा आला की तो सांगे, ‘आमच्या बाईनं झाकन काढलं, अशी येडी.’ सुनांना सांगे, नातवंडांना सांगे. वाईट भावनेनं नाही; सांगून सांगून त्याला ते लागत नसावं. मामी तिथेच बसलेली असे. हसायची. बाजाराच्या दिवशी आमच्याकडे येणं तिनं चालू ठेवलं, पण पातोड्या आई करायला लागली, आणि त्या नीट होत नसत, आणि तरी सगळे मुकाट्यानं खात.

बाबा गेले, मग मामा, मग आई. मामी सगळ्यांच्या मागून गेली. तिच्या तेराव्याला मी गावी गेले होते. जेवणं झाल्यावर अंगणात माणसं बसली, आणि गेलेल्या माणसाच्या गोष्टी निघतात तशा निघाल्या. तिचा थोरला मुलगा, आता स्वतः आजोबा झालेला, म्हणाला, “आईची घाई साऱ्यायले ठाव हाये. यंत्राचं झाकन काढून कडबा कापे. चार बोटं गमावली बिचारीनं.” माणसांनी माना हलवल्या.

मी म्हणाले, “तिची चूक नव्हती. चित्रात झाकण नव्हतं. चित्र मी काढलं होतं.”

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, प्रेमानं. “जाऊ दे ताई. तू कायले मनाले लावून घेतं? तू त तवा लहान होती. आई होतीच तशी घाईची.” आणि कोणीतरी चहा आणला.

त्यांना पटलं नाही. पटणारही नाही आता. गोष्ट जुनी झाली की ती माणसाच्या नावाचाच भाग होते. माझा हात आता थरथरतो, सरळ रेघ येत नाही, म्हणून चित्र काढून दाखवता येत नाही, लिहिते. कलम एकच आहे. गयामामी, राहणार मेहकर रस्त्यावरचं आमच्या मामाचं गाव, हिनं झाकण घाईनं काढलं नाही आणि वेडेपणानंही काढलं नाही. तिनं माझं चित्र बरोबर वाचलं होतं.